आत्याला चालतं

खुर्चीवाल्यांचा सगळा धंदा माणसाच्या बसण्यावर उभा होता. लोक बसत, बसून बसून खुर्चीची गादी दाबून टाकत आणि मग ती नव्याने भरायला यांच्या दुकानात आणत. गादी पाहून बसणाऱ्याची जात ते ओळखत. एका बाजूला कलली असेल तर माणूस फोनवाला. मधोमध खड्डा असेल तर पेन्शन पक्कं असलेला. स्वतःच्या खुर्चीची गादी मात्र ते कुणाला दाखवत नसत. तिचा पार भुगा झाला होता.

त्यांचं रक्त तपासून आलं आणि घरात सत्तापालट झाला. लोणी गेलं, साखर गेली, पाव गेला. ताटात उकडलेल्या भाज्या आल्या, त्याही मिठाशी भांडण झाल्यासारख्या.

"याला जेवण म्हणायचं?"

"याने आयुष्य वाढतं," बायको म्हणाली.

"वाढत नाही गं. नुसतं लांबल्यासारखं वाटतं."

बायकोने आणखी दोन गाजरं वाढली.

खुर्चीवाल्यांच्या हातात एकच हुकमाचा पत्ता होता: आत्या. वडिलांची बहीण, नव्वदीच्या पलीकडची, मागच्या खोलीत राहणारी. पाय ठणठणीत, पण वापरायची इच्छा नाही. आयुष्यभर समोर येईल ते खाल्लं आणि खाऊन आडवी झाली. तिच्या उशीमागे जॅमची बाटली असते हे फक्त खुर्चीवाल्यांना ठाऊक होतं, कारण आणून तेच देत.

"माझं नको ऐकूस," ते बायकोला म्हणाले. "आत्याचं ऐकशील? गुरुवारी डॉक्टरीणबाई तिला तपासायला येतील. त्यांच्यासमोर विचारू, इतकी वर्षं कशावर काढलीस म्हणून. ती सांगेल तो या घरचा कायदा."

"मग नंतर कुरकुर नाही करायची."

"शब्द दिला."

लोणी परत आलंच, असं धरून त्यांनी त्या दिवशीची गाजरं हसत हसत संपवली.

गुरुवारी डॉक्टरीणबाई आत्याच्या डाव्या हाताला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून बसल्या. आत्याचा डावा कान केव्हाच निवृत्त झाला होता. उजव्या बाजूला खुर्चीवाले, दारात बायको साक्षीला, आणि आत्याची कवळी तेव्हा नेमकी पेल्यात.

खुर्चीवाले उजव्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आत्या, सांग यांना. तुला गोडधोड चालतं ना?"

त्याच क्षणी डावीकडून डॉक्टरीणबाईंनी खणखणीत विचारलं, "आजी, या वयात रोज चालता का?"

आत्याच्या पदरात उजव्या कानावरचं तेवढं पडलं. "चालतं की!"

दात नसले की 'चालतं' आणि 'चालते' एकाच दारातून बाहेर पडतात. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला.

"सकाळी उठल्या उठल्या चालतं," आत्या रंगात आली. "जेवल्यावर तर चालतंच. संध्याकाळी कंटाळा आला की पुन्हा थोडं."

"एकट्याच?" डॉक्टरीणबाई वाकून ओरडल्या.

"एकटीच बाई. चारचौघांत नको, लोक टोकतात."

"ऐकलंत?" डॉक्टरीणबाई बायकोकडे वळल्या. "नव्वदीतही दिवसातून तीनदा चालणं! दुसरं काही गुपित नसतं हो."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "कायदा," ती म्हणाली.

"अगं, ती गोडाबद्दल..."

"गोड?" डॉक्टरीणबाई थबकल्या. "आजींना गोड देता? अजिबात नको हं. बोटभरसुद्धा नाही."

खुर्चीवाल्यांचा हात उशीकडे गेला. उशी ओढायची खोटी, पुरावा हातात होता. जॅमवर नव्वदी गाठलेली बाई समोर असताना गाजरांची काय बिशाद? पण मग बाटली जप्त. एव्हाना आत्यालाही घोळ उमगला होता. तिने उशीवर कोपर टेकवलं आणि भाच्याकडे पाहिलं. लहानपणी मार चुकवायला तो हिच्याच पाठीमागे लपायचा आणि ती सरळ सांगायची, इथे कुणी नाही.

"गोड बोलते, असं म्हणत होतो," खुर्चीवाले म्हणाले. "आत्या फार गोड बोलते."

"मग उद्यापासून तुम्ही आत्याबाईंबरोबर चालायला जा," बायको म्हणाली.

आत्याचं कोपर उशीवरून घसरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रस्त्यावर.

"मेल्या, तुझ्यामुळे," आत्या काठी आपटत म्हणाली.

"माझ्यामुळे? तुझी कवळी कुठे होती?"

भांडत भांडत जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीचा वास आला आणि दोघं गप्प झाली. पण ती बेकरी बायकोच्या मैत्रिणीची. तिथे पाव खाल्ला तर पोटात पोचायच्या आधी घरी बातमी पोचेल. दुसरी बेकरी पुलापलीकडे. पहिल्या दिवशी पुलाशीच हात टेकले. पण लोण्याच्या ओढीने माणूस काय करणार नाही? एकेका बाकावर बसत, 'गादी नाही रे याला' म्हणून कुरकुरत, आठवड्याभरात त्यांनी पूल ओलांडला. तिथे लोणी लावलेला एकेक पाव खाऊन, तोंडं पुसून, सज्जनासारखी घरी येत.

पुढे खुर्चीवाल्यांची पँट कमरेत सैल झाली. आत्याच्या गालांवर रंग आला. रक्ताच्या नव्या तपासणीवर डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"जे करताय ते सोडू नका."

"मेलो तरी नाही," खुर्चीवाले मनापासून म्हणाले.

"इतका गुण येतो, तर उद्यापासून मीही येते," बायको म्हणाली.

सकाळी पुलाशी पोचताच आत्याने शेवटचा प्रयत्न केला. "सूनबाई, इथूनच परत फिरू. पुढे चढ आहे, तुला नाही झेपायचा."

हे बोलायला नको होतं. बायको ताडताड पूल चढली आणि पलीकडे जाऊन बेकरीसमोरच्या बाकावर धापा टाकत बसली. मागून ही दोघं पोचली, तोच बेकरीवाली आतून ओरडली, "आजी, आज उशीर केलात! नेहमीचेच ना? दोन, भरपूर लोणी?"

खुर्चीवाले नदी पाहू लागले. आत्याला एकाएकी दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं.

बायकोने एकदा नवऱ्याचा सैल पट्टा पाहिला, एकदा आत्याचे गाल. श्वास जागेवर येऊ दिला.

"तीन," ती म्हणाली. "दोन लोण्याचे. यांचा कोरडा."