बेलवलीच्या माळावरचा गरुड

"आला! आला गरुड! डोळे मिटा, माना खाली!"

माइकवरून आरोळी आली आणि बेलवलीच्या मागचा अख्खा माळ गुडघ्यांवर आला. बँकेतले, कंपनीतले, पोरांना इंग्लिश मीडियममध्ये घालणारे, सगळे. ढोल-ताशा असा कडाडला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. टेकाडामागून भगवा, रुंद पंखांचा गरुड वर चढला आणि गर्दीवर घिरट्या घालू लागला.

"ज्याच्यावर सावली पडेल त्याचा रोग गेला! डॉक्टर-बिक्टर, गोळी-बिळी, सब बंद!" वैनतेयबाबा स्टेजवरून गरजत होते. "विष्णूचं वाहन आहे बाबांनो, रिक्षा नाही, बोलावली की यायला!"

हे वाहन मात्र दर रविवारी ठरल्या वेळेला हजर. बदलापूरची रिक्षा बोलावूनही येत नाही.

शेजारी माझी बहीण कुंदा डोळे मिटून बसली होती, तिला टेकून तिची मुलगी राजसी. राजसीला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून पोर नीट शाळेत जात होती. बाबांनी सांगितलं म्हणून कुंदाने गोळ्या बंद केल्या, आणि काल राजसी स्वयंपाकघरात कोसळली. जीभ चावली, रक्त आलं. त्यावर कुंदा काय म्हणाली? "रोग बाहेर पडतोय, दादा. बाबा बोललेच होते." गोळ्या अचानक थांबवल्या तर फिट उसळते, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. पण डॉक्टर फी घेतात म्हणून लुटारू, आणि बाबा दक्षिणा घेतात म्हणून संत! मी भांडभांड भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून आज मी तिच्यासोबत आलो होतो, आणि डोळे टक्क उघडे ठेवले होते.

अंबरनाथच्या कंपनीत माझी नोकरी. सुट्टीच्या दिवशी रिमोटवरची छोटी विमानं उडवायचा नाद. त्यामुळे गरुड पाहताच डोक्यात तिडीक गेली. आम्ही विमान हातातून फेकतो ते वाऱ्याच्या तोंडावर, टेकाडामागून कोणीतरी फेकलेला हाही तसाच वर चढला होता. पंख एकदाही हलले नाहीत. घारही पंख न हलवता फिरते, मान्य. पण ती शेपटीशी पंखा लावून फिरत नाही. ढोल कशाला, तेही कळलं. मोटरची घरघर झाकायला.

आता उडवतो कोण? हे शोधणं सोपं होतं. विमान उडवणाऱ्याला त्यावरची नजर काढता येत नाही. जरा मान वळवली की त्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, तेच समजत नाही. म्हणून एवढ्या खाली घातलेल्या मानांत मी वर असलेली मान शोधू लागलो. सापडली. स्टेजच्या पायाशी बाबांचा शिष्य अल्पेश. रणरणत्या उन्हात मांडीवर शाल, दोन्ही हात शालीखाली, आणि नजर गरुडाला चिकटलेली.

मी कुंदाची छत्री उचलली आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. गरुड गर्दीवरून पुढे रिकाम्या शेतावर गेला, तेव्हा ती अल्पेशच्या तोंडासमोर उघडली.

"ओ अंकल! छत्री हटवा! दिसत नाय मला!"

"तुला कशाला दिसायला हवं? डोळे मिटायचेत ना?"

"अरे पडेल ना ते! हटो यार!"

पडलंच. गरुड एका अंगावर कलला, गिरक्या घेत आला आणि ढेकळांत नाक खुपसून फुटला. ढोल थांबले. मी शाल ओढली. रिमोट सगळ्यांना दिसला, एरिअलसकट.

मला वाटलं, आता लोक बाबाची गचांडी धरणार. पण बाबा काय कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "गरुडाने देह ठेवला! पाप्याची नजर लागली!" तो माइकवर हुंदके देऊ लागला. लोक शेताकडे धावले आणि गरुडाचे तुकडे प्रसाद म्हणून मोडून घेऊ लागले!

"अहो, फोम आहे तो! ही बघा बॅटरी! हा पंखा!" मी घसा फोडून ओरडत होतो. एका गृहस्थांनी मला शांतपणे समजावलं, "रिमोट असेल हो. पण रिमोटमध्ये शक्ती कोणाची?"

संताप संताप झाला नुसता.

कुंदाही पदरात तुकडा घेऊन आली.

"अगं, तुझ्या डोळ्यांदेखत झालं ना सगळं?"

"पाहिलं रे दादा. पण हिच्या उशाशी ठेवला तर काय बिघडतं?"

राजसीने तिच्याकडून तुकडा घेतला. त्याला मोटरची लाल वायर लोंबत होती. तिने ती ओढून पाहिली.

"आई, काल पडले तेव्हा मला वाटलं, मी मेले," ती म्हणाली. "आता पुन्हा पडले तर हे मला धरणारे का?"

कुंदाने पर्स उघडली. गोळ्यांची पट्टी पर्समध्येच होती. बाबावर एवढा विश्वास, पण पट्टी फेकायची हिंमत तिला झाली नव्हती. तिथेच, त्या माळावर उभं राहून, तिने रडत रडत डॉक्टरांना फोन लावला.

वाचकहो, आकाशात काही उडताना दिसलं तर जरूर बघा. बघू नका म्हणणाऱ्याला कारण विचारा. आणि पोराचं औषध बंद करायला कोणी सांगितलं, तर त्याच पावली डॉक्टरकडे जा. माझ्या भाचीला आईला विचारायचं सुचलं. प्रत्येक पोराला सुचेलच असं नाही.