शुक्रवारी टांगलेला ओळंबा

नवनाथ ठेकेदाराने साजगावजवळच्या एका वाडीत अंगणवाडी बांधली आणि तिची मागची भिंत मुलांकडे प्रेमाने झुकली. वर गिलावा गुळगुळीत असल्यामुळे प्रेम कुणाला दिसलं नाही. अंगणवाडीच्या सुंदराबाईंना मात्र रोज भास व्हायचा, की खोली डोक्यावर येतेय. त्यांनी भिसेगावच्या रहमीमकाकांना बोलावलं.

रहमीम वाकरूळकर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, चाळीस वर्षं गवंडी. त्यांनी भिंतीला ओळंबा लावला आणि थेट नवनाथला गाठलं.

"भिंत उतरव रं. खाली पोरं बसणार."

"इंजिनियर साहेबांनी पास केलीय, काका. तुमचा देव काय त्यांच्यापेक्षा मोठा इंजिनियर हाय?"

"आमच्यात एक मेंढपाळ संदेष्टा होऊन गेला. त्याला देव दिसला तो भिंतीपाशी, हातात ओळंबा घेऊन. त्या राज्यातपण सगळं पासच झालेलं होतं."

"मग?"

"राज्य राहिलं नाय."

नवनाथ हसला. "असं करा, साहेबांनाच दाखवा. शनिवारी उद्घाटनाला येतायत."

शनिवारी, म्हणजे त्याच्या शब्बाथला, हा म्हातारा काडीसुद्धा पेटवत नाही, ओळंबा तर लांबच, हे कर्जतपासून खोपोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याच्या धर्माचा नवनाथने केलेला हा पहिलाच अभ्यास.

शुक्रवारी ऊन उतरायच्या आत रहमीमकाका एकटेच आले. छताखाली खिळा ठोकला, ओळंबा सोडला, हलायचा थांबेपर्यंत पाहिला आणि शब्बाथचा दिवा लावायच्या वेळेला घरी पोचले.

शनिवारी साहेब आले, फीत आली, पेढे आले. आत ओळंबा. वर दोरी भिंतीला चिकटलेली, खाली पितळी गोळा भिंतीपासून चांगला चार बोटं सुटलेला.

"म्हाताऱ्यानं दोरीच वाकडी टांगलीय," नवनाथ म्हणाला.

हे वाक्य एका पदवीधर इंजिनियरसमोर उच्चारलं गेलं, आणि त्यांनी मान डोलावली. गुरुत्वाकर्षणाची तडकाफडकी बदली झाली. दारात तेवीस मुलं पेढ्यांकडे बघत उभी होती. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"चला, फोटो घेऊ," साहेब म्हणाले.

"आतच घ्या की," सुंदराबाई म्हणाल्या. "त्या भिंतीखाली. नवनाथशेठ, तुमी पाठ टेका तिला. साहेब, तुमी बाजूला बसा. मग मी पोरं आत घालते."

कुणी हललं नाही. नवनाथने घड्याळ पाहिलं. साहेबांना आत उजेड कमी वाटला.

"उजेडाचं काय घेऊन बसलात? पाठ टेका ना!" बाई म्हणाल्या.

फोटो बाहेर, रस्त्याच्या पलीकडे निघाला. इमारत त्यात लांबून छान दिसते.

सुंदराबाईंनी दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मुलांना घेऊन देवळाच्या ओट्यावर गेल्या.

रविवारी रहमीमकाका ओळंबा काढायला आले. बाईंनी किल्ली दिली नाही.

"राहू द्या टांगलेला. भिंत उतरवायला येतील तवा न्या."

"आणि नाय आले तर?"

"तुमीच नवनाथशेठला सांगितलंत ना, काका, त्या राज्याचं काय झालं ते?"