तिची गाडी विकायची नाही

बायको गेली आणि तिच्या गाडीचं काय करायचं हे मी सोडून सगळ्यांनी ठरवलं. मुलगी म्हणाली, विका. शेजारी म्हणाले, उभ्याउभ्या सडेल. मेव्हण्याने तर गिऱ्हाईकच शोधलं. गॅरेज त्याचं, त्यामुळे घरात त्याच्या शब्दाला वजन. शिवाय मला गाडी चालवता येत नाही. संसारभर ती चालवायची, मी शेजारी बसायचो.

गाडीत खोट एकच. इंजिनाचा पिवळा दिवा विझेना. मेव्हण्याने स्कॅनर लावला की दर वेळी तोच कोड यायचा: इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. सायलेन्सरच्या पाइपवरचा सेन्सर त्याने दोनदा बदलला. दिवा थोडे दिवस जायचा, परत हजर.

“दाजी, इंजिन थकलं,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. हट्ट सोडा.”

“सेन्सर खरं सांगत असेल तर? सांगणाऱ्यालाच तू दोनदा हाकललंस.”

“आता तुम्ही मला गॅरेज शिकवा! तुमचा जन्म गेला सायकलची पंक्चरं काढण्यात.”

“त्यातही हवा कुठून जाते तेच बघतात.”

मी मगात साबणाचं पाणी केलं, थरथरणारं इंजिन त्याला चालू ठेवायला लावलं आणि ब्रशने एकेका नळीवर फेस लावत गेलो. बुडबुडा एकही येईना. मेव्हणा हाताची घडी घालून उभा.

“झालं समाधान? ताई असती तर हसली असती.”

“हसली असती. बॉनेट मात्र बंद करू दिलं नसतं.”

मागच्या बाजूला एक रबरी नळी वाकून खाली गेली होती. तिच्या खालच्या अंगाला ब्रश फिरवला तशी इंजिनाची थरथर थांबली. जरा वेळाने परत सुरू. बुडबुडा नाही म्हणून मी पुढच्या नळीकडे वळलो.

“थांबा!” मेव्हणा ओरडला. “परत लावा. तिथेच.”

परत लावला. फेस गडप, इंजिन शांत.

“बुडबुडा कसा येईल, दाजी? सायकलची ट्यूब हवा बाहेर सोडते. ही आत ओढतेय!” त्याने नळी काढून वाकवली. खालून बोटभर चीर. “आणि मी वरूनच बघत बसलो.”

त्याने नवी नळी बसवली, कोड पुसला. दिवा गेला.

“एवढ्यात खूश होऊ नका. चालवून बघितल्याशिवाय खरं नाही.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आल्याआल्या टायरला लाथ मारून म्हणालं, “बोला, काय द्यायचे या डब्याचे?”

“विकायची नाही,” मी म्हणालो.

“अहो दाजी, पण चालवणार कोण?”

“मी. तू शेजारी बस आणि शिकव.”

मेव्हण्याने मान फिरवली. “ताईच्या जागेवर दुसरं कोणी मला बघवत नाही.”

“मलाही नाही. डोळे मिट, पण बस.”

तो बसला. मी क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. गिऱ्हाईक पोट धरून हसलं.

“काका, या वयात?”

“याच वयात. आधी गरज नव्हती.” मी परत चावी फिरवली. “आणि समोरून बाजूला व्हा. ब्रेक कुठला ते अजून त्याने सांगितलेलं नाही.”