काचेआडची झाडलोट

मी कौशल्याबाईंच्या श्वासनळीतली एक पेशी बोलतेय. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला कमी लेखू नका. माझ्या डोक्यावर बारीक केस आहेत. श्वासातून आलेली धूळ कफासकट वर लोटायची, हे माझं जन्माचं काम. नालवाडीच्या कौशल्याबाई वीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस लोटतात. तेव्हा आम्हाला सुट्टी कसली?

२००३ साली त्यांना फार धाप लागायला लागली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण उतरवली आणि बारीक ब्रशाने आम्हा काहीजणींना खरवडून आणलं. संशोधन करणाऱ्या हर्षा मॅडमनी प्रयोगशाळेत छोट्या वाट्यांमध्ये आम्हाला वाढवलं. एकीच्या दोन झालो, दोनाच्या चार. महिन्याभरात नवे केस फुटले.

पण हे काय जगणं? खाली पोषणाचं गुलाबी पाणी, वर गाळलेली हवा, अंगाला मोजकी ऊब. धुळीचा एक कण नाही. मी रिकामं अंगण झाडत बसते. बाईंच्या छातीत खोकला होता, हसू होतं, शेजारणीशी भांडण होतं. इथे लाडाकोडात जीव गुदमरतो. आमच्या वाट्या ठेवलेल्या या उबदार कपाटाला काचेचं दार आहे, पण ते आमच्यासाठी उघडत नाही.

एकदा त्या काचेपलीकडे बाई उभ्या दिसल्या. चपला दाराबाहेर काढून आल्या होत्या.

"मॅडम, दिवाळीनंतर माह्या पोरीले, रीताले, जिनिंगमंदी लावून देतो म्हणते मुकादम. लावू का नको?"

"दिवाळीपर्यंत थांबा मावशी. तिथली धूळ या पेशींवर टाकून पाहते, मग सांगते."

आणि दसरा आला! शिपाई रूपरावांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. आमच्या कपाटाचं तर दार उघडून आत झेंडूचं फूल ठेवलं. तीन दिवसांत वाट्यांवर पांढरी बुरशी चढली. बारांपैकी दहा वाट्या गेल्या. माझ्या किती बहिणी गेल्या!

"रूपरावजी, फूल आत काऊन ठेवलं?" मॅडमना रडू आवरेना.

"अंदर जीव हाय म्हणता नं तुमी? मंग त्याईले सण नाई का?"

मला त्यांच्यावर रागावताच आलं नाही. इथे आमचा सण आठवणारे ते एकटेच.

पुन्हा वाढवायला वेळ नव्हता. उरलेल्या दोन वाट्यांपैकी एक तशीच ठेवली. दुसरीवर, म्हणजे माझ्यावर, जिनिंगची धूळ पडली. ओळखीची धूळ! मी हरखून झाडायला लागले. चौथ्या दिवशी केस जड झाले. शेजारणी एकेक करून थांबल्या.

दिवाळीच्या तोंडावर बाई आल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दोन्ही वाट्या दाखवल्या. पहिलीत सळसळ होती. माझ्या वाटीवर त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"एवढ्यावरून छातीठोक नाही सांगता येणार, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"मले समजलं. रीता नाई जाणार." त्यांनी डोळे पुसले. "मी जाईन. माह्या छातीत तर भरलंच हाय."

बाई गेल्या. काचेचं दार लागलं. माझे दोन-चार केस अजून हलताहेत, तेवढ्यात सांगून घेते. माय, तुझ्या छातीत माझ्या बहिणी अजून झाडून राहिल्या आहेत. मी कोंडलेलीच मरणार, त्याचं दुःख आहेच. पण उद्या भोंगा झाला की नाकावर पदर घट्ट बांधजो.