परवाची पावडर

त्रिवेणीने बॅटरीचा सेल चाचणीच्या यंत्रातून काढून बाकावर टाकला. पुन्हा तेच. चार्ज व्हायचा, उतरायचा आणि काही फेऱ्यांतच मान टाकायचा. मँगनीज ऑक्साइडच्या पहिल्या पावडरीचा सेल मात्र महिनाभर दमला नव्हता. त्या एका निकालावर भाळून परदेशी मोबाइल कंपनी सिकंदराबादच्या या जुनाट प्रयोगशाळेपर्यंत आली होती. सोमवारी ती माणसं या फरकाचं कारण विचारणार. ते सांगता आलं नाही, तर प्रकल्प बंद आणि त्रिवेणीची नोकरीही. पुण्याहून इथं येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि आता तिला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

तिचे वरिष्ठ लक्ष्मणराव काचीगुड्याहून आणलेला इडलीचा पुडा सोडून बसले होते.

"खाऊन घे गं. उपाशीपोटी डोकं चालत नाही."

"नको, सर."

"परवा लीला होती, तर दोघांचा डबा यायचा. आता हे असं."

त्रिवेणीने वर पाहिलं. लीला, सरांची पत्नी, त्रिवेणी रुजू होण्याआधीच वारली होती.

"परवा म्हणजे कधी, सर?"

"परवा म्हणजे मागं." त्यांनी खांद्यावरून हात उडवला. हैदराबादेत 'परसों' म्हटलं की निजामाच्या काळापर्यंत कुठंही जाता येतं, आणि सरांचं मराठी तिथलंच.

"मी आले तेव्हा बीकरमध्ये तळाशी साका बसला होता. कधीचा, विचारलं तर तुम्ही म्हणालात, परवाचा. त्याचीच पहिली पावडर केली आणि वहीत मी दोन दिवस लिहिलं."

सरांचा घास हातातच राहिला. साका जितका मुरेल तितके त्याचे कण बदलतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"लीलाला दवाखान्यात नेलं, त्या सकाळी ठेवला होता," ते म्हणाले. "मग इकडं कोण येतंय."

साका नेमका किती दिवस मुरला ते सांगितलं, तर कंपनी प्रकल्पात राहिली असती. अंदाजावर कुणी राहत नाही. तरी विचारायला त्रिवेणीची जीभ रेटेना.

"राहू द्या, सर. काहीतरी बघू."

लक्ष्मणरावांनी हात धुतला, पुसला आणि ते तिच्यासमोर येऊन बसले.

"महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी भरती केलं." अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. ओठ हलत होते. दुसऱ्या हातावर, करंगळीच्या मधल्या पेराशी तो थांबला.

"इथं ती गेली," ते म्हणाले. "पण बीकर तसंच होतं. पुढचे दिवस, तू आलीस तिथवरचे, तू मोज."