पाचशे रियालचा चहा

जुम्म्याची नमाज आटोपून नसरुद्दीन जेद्दाच्या शराफिया भागातल्या नेहमीच्या हॉटेलच्या माडीवर जाऊन बसला. गावच्या जमातीच्या जेद्दा शाखेचा तो खजिनदार. मशिदीचं छप्पर, मदरशातल्या मास्तरांचा पगार, इथे कोणी गेलं तर मय्यत गावी पाठवायचा खर्च, सगळं त्याच्या हातून व्हायचं. वर्षाचा हिशेब याच माडीवर मोठ्याने वाचायचा आणि एक तरी हरकत आल्याशिवाय मंजूर करायचा नाही, असा जमातीचा शिरस्ता. हरकत घ्यायला जमातीतलाच हाशिर टपलेला असायचा. "खजिनदार, उभे राहा! चहाला साठ रियाल? चहा प्यायलात की आंघोळ केलीत?" मग जी काय जुंपायची! दोघं आठवडाभर एकमेकांचं तोंड बघत नसत.

हाशिर दोन वर्षांपूर्वी नोकरी खलास करून गावी गेला. बाकीचे पांगले, आणि जे जेद्दात उरले त्यांना म्हणे ओव्हरटाइम, माडीवर यायला वेळ नाही. "हिशेब ग्रुपवर टाका ना चाचा," त्यांच्यातल्या तरुण अफनानने सांगून टाकलं.

बायको हफीजा गावाहून सारखी विचारायची, "कधी येताय?" याचं उत्तर ठरलेलं. "हिशेब कोणाच्या गळ्यात मारू? माणसं माझ्यावर विसंबून आहेत." खरंच कोणी विसंबून आहे का, हे त्याला आज बघायचंच होतं. म्हणून चहापुढे त्याने मुद्दाम पाचशे रियाल घातले आणि हिशेब ग्रुपवर सोडला.

घ्या! समोरचा कप गार व्हायच्या आत सगळ्यांचे अंगठे हजर. "माशाअल्लाह, मस्त काम." कोणी फाईल उघडली असेल तर शपथ! त्याने आकडा सुधारला आणि "चूक झाली होती, माफ करा" असं लिहून परत पाठवला. परत तेच अंगठे. अरे मेल्यांनो, कसली चूक, एवढं तरी विचारा!

शेवटी त्याने हफीजाला फोन लावून सगळं सांगितलं. ती त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलेल्या हाशिरच्या थाटात कडाडली, "खजिनदार, उभे राहा! पाचशेचा चहा? कोणाकोणाला पाजलात?"

नसरुद्दीन खदखदून हसला.

"कोणालाच नाही गं," तो म्हणाला. "एकटाच बसलोय."

"मग कधी येताय?"

या वेळी त्याला हिशेबाचं नाव घेता आलं नाही.