आपोआप

"हॅलो, आई? मी आहे."

इंदिराबाईंच्या तोंडात दोऱ्याचं टोक होतं, ते तसंच राहिलं. मांडीवर कुणाची तरी मोरपंखी साडी, फॉल निम्मा लावून झालेला. नंबर अनोळखी होता, म्हणून त्यांनी गिऱ्हाईक समजून फोन उचलला होता. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराच्या फाटकावर 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी होती, खाली हाच नंबर होता. अनोळखी फोन यायचेच.

"वेदे? अवो माय! तूच काय वं?"

"हो."

चार वर्षांनी पोटच्या पोरीचा आवाज ऐकल्यावर माणसानं करावं तरी काय? रडावं की रागवावं? इंदिराबाईंनी दोन्ही केलं नाही. रोजचं बोलणं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "लहानीचा खोकला गेला काय? त्या वाफेच्या मशीननं काई होत नाई, सांगून ठेवते. ओवा गरम कर अन् फडक्यात बांधून छातीले शेक दे."

वेदश्री तिकडेच कुणाला तरी हळू म्हणाली, "आईच आहे," आणि मग फोनमध्ये, "आई, म्हणजे आमचे फोटो तू पाहून राह्यली."

"मंग! पाहीन नाई तं काय? तू पाठवतं अन् मी पाहू नोको?"

त्याचं असं झालं होतं. नवा फोन घेतला तेव्हा वेदश्रीनं जुना आईला दिला होता. "भजनं ऐकत जा," म्हणाली होती. त्यानंतर महिन्याभरात तिनं आदेशशी कोर्टात जाऊन लग्न केलं. मुलगा सेलूचा, चांगल्या कंपनीतला, पण जातीबाहेरचा. इंदिराबाईंच्या यजमानांना, म्हणजे नानांना, ते मानवलं नाही. मानवलं नाही हा शब्द फार सोज्वळ झाला. नाना दोन चुलतभावांना घेऊन सेलूला गेले आणि आदेशला अंगणात ओढून मारहाण केली. त्याचा डावा हात मोडला. घरी येऊन नानांनी डोक्यावर बादलीभर पाणी ओतून घेतलं. पोरीच्या नावानं आंघोळ केली आणि टॉवेलनं अंग पुसत म्हणाले, "संपली." त्यानंतर वेदश्री आणि आदेश कुणालाही न सांगता गाव सोडून गेले.

मग एके दिवशी त्या जुन्या फोनमध्ये एक फोटो आला. एक कुकर, एक तवा, दोन ताटं. इंदिराबाई समजायचं ते समजल्या. पोरीनं संसार मांडला आणि आईला दाखवला! देवापुढे साखर ठेवून त्यांनी ती एकटीनंच खाल्ली. तेव्हापासून फोटो येतच राहिले. करपलेली भेंडी आली तेव्हा त्या फोनलाच म्हणाल्या, "आच कमी ठेवत जा वं बाई." औषधाची चिठ्ठी आली, गॅसचं बिल आलं. दिवस गेल्याचा सोनोग्राफीचा काळा फोटो आला, तो त्यांनी आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला, डोकं कुठं ते काही कळलं नाही. आणि मग पोरगी आली. पाळण्यातली, टबातली, रांगणारी, वरणभात तोंडाला माखलेली. आदेश तिला नेहमी उजव्याच हातानं उचलायचा. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तेही इंदिराबाईंनी फोटोंतच पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले.

आठवडाभर फोटो आला नाही तर त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. आपलं काही चुकलं असेल, पोरगी रुसली असेल, असं वाटायचं. एकदा विजेचं बिल आलं. त्यावर भोपाळचा पत्ता होता. त्यांनी तो पाठ केला. पत्ता पाठवते म्हणजे बोलावते, दुसरं काय! जायचं धाडस मात्र झालं नाही. पण बोलावणं आलंय या एका गोष्टीवर त्यांची गेली दोन वर्षं बरी गेली होती.

"आई," वेदश्री म्हणाली, "मी नव्हती पाठवत."

"काय?"

"त्या फोनमंदी माह्यं अकाउंट राहून गेलतं. मी इकडं फोटो काढला का तो वर जमा होते, अन् तिकडं तुह्याकडं आपोआप दिसते. मले माहीतच नव्हतं गं. परवा कळलं."

"आपोआप?"

"आपोआप."

इंदिराबाईंनी तोंडातला दोरा काढला. आपोआप! नळाला पाणी आपोआप येतं, केस आपोआप पिकतात. त्या करपलेल्या भेंडीचं काय मग? ती कुणाला दाखवली होती? कुणालाच नाही. कुकर, तवा, दोन ताटं, तीही कुणाला नाही. चार वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो, आणि भिंतीनं कधी खोडूनही काढलं नाही.

"इंदिराबाई, झाली काय वो साडी?" फाटकातून शकुंतलाबाई ओरडल्या. "माह्या भाचीचं साक्षगंध आहे उद्या!"

"संध्याकाळी न्या," इंदिराबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांना नवल वाटलं.

"कोन आहे?" वेदश्रीनं घाबरून विचारलं. "बाबा आले काय?"

"नाई वं. ते सिंदी रेल्वेले, कापसाच्या जिनिंगवर. वजनकाट्यावर हाये ना ते. सात वाजतेत यायले. तू बोल."

"आई, लहानीच्या फोटोवर तो काळा ठिपका काऊन लावला तू? एकाच फोटोचे दोन फोटो झाले, एकात तिच्या गालावर काळं. आदेश पाहून इतका घाबरला! आपल्या अकाउंटात कोनी तरी घुसलं म्हणे. मंग त्यानं शोधलं, तं हा जुना फोन सापडला. वर्धा दाखवून राह्यलं होतं."

इंदिराबाईंना काही उमजेना. "कोनता ठिपका?" विचारत त्यांनी बोलता बोलताच फोटो उघडले. लाल फ्रॉकातली नात, दोन शेंड्या घातलेली, गोड म्हणावं तर इतकी गोड की बघणाऱ्याचीच नजर लागावी. तिच्या शेजारी तोच फोटो पुन्हा, आणि या दुसऱ्या फोटोत डाव्या गालावर काळं टपोरं गालबोट. बोटानं काढलेलं, थोडं कानाकडे सरकलेलं.

त्यांनी नव्हतं काढलं. फोटोवर असं काही काढता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. घरात माणसं दोनच. आणि नाना काट्यावर रोज गाड्यांचे फोटो घेऊन त्यांवर बोटानं गोल काढून मालकाला पाठवायचे. रोज संध्याकाळी चहा झाला की "बातम्या पाह्यतो" म्हणून हा फोन घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसायचे. त्यांचा स्वतःचा फोन असताना हा कशाला, असं इंदिराबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं. हा मेला माणूस! नावानं आंघोळ केली, आणि अंधारात बसून नातीला दृष्ट लागू नये म्हणून काळं लावत होता.

म्हणजे नानांनी सगळं पाहिलं होतं. विजेचं बिलही. पत्ता त्यांना दोन वर्षं माहीत होता, आणि ते गेले नव्हते. चुलतभावांना बोलावलं नव्हतं. एका शब्दानं बोलले नव्हते. हे सांगावं. आत्ता सांगावं.

"वेदे, आइक, तुह्या बाबानं..."

"बाबानं काय?" वेदश्रीचा आवाज चिरला. "त्यायनं पाह्यले काय फोटो? आई, खरं सांग. त्यात आमच्या घराचा पत्ता हाये. पाह्यले असतीन तं आमी आजच घर सोडतो. मी पोरीले घेऊन कुठं जाऊ? अजून रात्री फाटक वाजलं तं आदेश उठून बसते!"

मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. आईचा आवाज चढला की लेकरं रडतातच.

काय सांगायचं होतं? तुझ्या नवऱ्याचा हात मोडणारा माणूस आता बदलला म्हणून? गालावर एक ठिपका काढला म्हणून? इंदिराबाईंनी स्वतःला पोरीच्या जागी ठेवून पाहिलं आणि त्यांना स्वतःलाच नानांवर विश्वास ठेवता येईना. आज ठिपका काढतो, उद्या कुणी भाऊबंद चार शब्द बोलला तर काय काढील, कुणी सांगावं? पाण्यात राहून त्यांनी हा मासा तीस वर्षं पाहिला होता.

"नाई पाह्यले," त्या म्हणाल्या. "त्यायले हा फोन समजतच नाई. ठिपका मीच लावला. दृष्ट लागीन म्हून."

वेदश्रीनं सुस्कारा सोडला. रडणं थोडं कमी झालं. "आई, आता हे बंद करा लागते. मले इथूनच काढता येते. आदेश म्हणे इथूनच काढ. मी म्हटलं, नाई, आईले सांगून काढू. एकदम बंद झालं तं ती घाबरन."

एवढं तरी म्हणाली. इंदिराबाईंनी ते मनात नीट ठेवलं.

"मीच काढते," त्या म्हणाल्या. "सांग कसं काढाचं."

"फोटो खोडजो नको बरं. तिकडून खोडले का माह्याकडूनबी जातेत. नुसतं अकाउंट काढाचं. सेटिंगमंदी जाय. खाली अकाउंट लिहिलं असन."

"थांब, चष्मा घेते."

त्यांनी चष्मा घेतला. मशीनवरची कात्री बाजूला सारली. वेदश्री सांगत गेली, त्या दाबत गेल्या. लहानपणी पाढे म्हणताना इंदिराबाई पुढं आणि वेदी मागं असायची, आज उलटं झालं होतं. शेवटी फोननं विचारलं, काढायचं का?

"वेदे, एक फोटो राहू देऊ काय? एकच. लाल फ्रॉकातला."

मागून आदेश काही बोलला नाही, तो बोलला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर रागवता आलं असतं.

"नोको आई. बाबाच्या हाती लागन."

"बरं."

"मी तुले मंग कधी..." वेदश्री म्हणाली.

"तिचं नाव काय ठेवलं वं? लसीच्या कार्डावर तं नुसतं वेदश्रीची बेबी लिहिलेलं."

"आई, नावानं आजकाल माणूस सापडते गं," वेदश्री शेवटी म्हणाली. ती रडत होती. "तू चुकून बोलून जाशीन."

"खरं हाये," इंदिराबाई म्हणाल्या. "नोको सांगू. सुखी राह्य."

त्यांनी बटन दाबलं. फोटो गेले. सगळे नाही, नानांनी कधीतरी काढलेला कूलरचा एक राहिला. "निघालं आई. आता इकडं नाई दिसत," वेदश्री म्हणाली आणि फोन ठेवला. इंदिराबाईंनी तो नंबरही काढून टाकला. पोरीनं सांगितलं नव्हतं, पण अर्धं काम करायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी उरलेला फॉल लावला. टाके जरा वाकडे गेले, ते उसवून पुन्हा घातले.

शकुंतलाबाई साडी घेऊन गेल्या. सात वाजता नाना आले, हातपाय धुतले, चहा घेतला. "बातम्या पाह्यतो," म्हणाले आणि फोन घेऊन मागे गेले.

इंदिराबाई तांदूळ निवडत बसल्या. नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. तांदूळ दोनदा निवडून झाले. नाना दारात येऊन उभे राहिले.

"नेट नाई काय आज?"

"नेट हाये," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं आपण भांडू. तुमच्यापायी झालं म्हणून तोंड भरून बोलू. पण या माणसाचा चेहरा पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "वेदीचा फोन आलता."

चार वर्षांत हे नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. नानांनी चौकटीला हात लावला. ओरडले नाहीत. कोण वेदी, असंही म्हणाले नाहीत.

"ते फोटो चुकून येत होते म्हणे. आता येनार नाई."

नाना उभेच होते. बायकोला सगळं कळलं आहे, हे त्यांनाही कळलं असावं. लपवायची धडपड त्यांनी केली नाही, तेवढं त्राणच दिसलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं,

"पोट्टीचं नाव इचारलं काय?"

"इचारलं."

"मंग?"

"नाई सांगितलं."

नानांनी मान हलवली, जणू तेच योग्य होतं. मग ते भिंतीजवळ गेले, फोन चार्जिंगला लावला आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. भिंतीवरचं चार्जरचं बटन दाबायचं राहिलं होतं. इंदिराबाईंनी ते पाहिलं, आणि उठल्या नाहीत.